अप्पा, त्या फेरीचं सांगू का?

अप्पा, तुमच्या तेराव्याला आलेल्या प्रत्येक माणसानं एकच गोष्ट सांगितली. या माणसानं आयुष्यात कधी नियम मोडला नाही. तुमचे ऑफिसातले जुने सहकारी, जयपूरच्या मुरलीपुऱ्यातले शेजारी, अकोल्याहून आलेले तुमचे चुलतभाऊ, सगळ्यांचं तेच. निखिल तर रडत रडत म्हणाला, "अप्पांनी कधी, मतलब, एक पण रूल तोडला नाही." तुमच्या मुलाचं मराठी तुमच्या तेराव्यालाही सुधारलं नाही. मी तेव्हा पानांवर भाजी वाढत होते. एकदा वाटलं, हातातलं पातेलं खाली ठेवावं आणि सांगून टाकावं, मोडला होता, एकदा मोडला होता, मी शेजारीच बसले होते. पण तुम्हाला शब्द दिला होता, म्हणून पुढच्या पानाकडे वळले.

तिथंच विषय संपला असता. पण पाहुणे गेल्यावर आई भिंतीला टेकून बसल्या आणि म्हणाल्या, "एवढं जपून जपून जगला हा माणूस. मनासारखं एकदाही काही केलं नाही बाप्पा त्यांनी." सुनेनं सासूच्या तोंडून अशी वाक्यं ऐकायची आणि पाण्याचा तांब्या पुढे करायचा, एवढंच असतं. मी तांब्या पुढे केला. पण तेव्हापासून ते वाक्य माझ्या मागे लागलंय. आईंना तुमच्या जाण्याइतकंच तुमच्या जगण्याचंही वाईट वाटतंय, आणि ते वाईट वाटणं मी एका दुपारीत दूर करू शकते. फक्त तुमच्या शब्दाबाहेर जाऊन. म्हणून आधी तुमच्याशीच बोलायला बसलेय. दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय निकाल द्यायचा नाही, ही तुमचीच शिस्त.

लग्न होऊन इस्लामपूरहून जयपूरला आले तेव्हा मला गाडी येत नव्हती, आणि निखिलला येऊनही चालवायची नव्हती. तुम्ही म्हणालात, मी शिकवतो. माहेरी फोनवर सांगितलं तर आईनं दोनदा विचारलं, "कोण शिकवतंय म्हणालीस?" सासरा सुनेला गाडी शिकवतो हे तिच्या पचनी पडायला एक दिवाळी जावी लागली.

आणि शिकवणीही जगावेगळी. तुम्ही विमा कंपनीत मोटारीचे क्लेम बघायचात. नोकरीभर धडकलेल्या गाड्यांभोवती फिरून, वाकून, फोटो काढून, दोष कुणाचा ते लिहिलंत. क्लच, गिअर, ब्रेक तुम्ही पहिल्याच रविवारी उरकलंत. त्यानंतर सीकर रोडनं चौमूंकडे निघालं की तुमचा एकच प्रश्न असायचा. "सांग पोरी, इथून क्लेम कसा येईल?" मी सांगायचे. उंटगाडीला मागे दिवा नाही, अंधारात कुणीतरी घुसेल. तो ट्रॅक्टर उलट्या बाजूनं येतोय. गोपालपुऱ्यात आलो की क्लासची पोरं मोबाईलमध्ये मान घालून रस्ता ओलांडतायत. बरोबर सांगितलं की तुम्ही "हं" म्हणायचात. चुकलं तरी "हं"च म्हणायचात, फक्त जरा लांबवून. तेवढ्यावर मी ओळखायला शिकले.

खरं सांगू? तुमचा मला रागही यायचा. बाकीच्या बायका गाडी चालवताना गाणी ऐकतात. मी गाडी चालवताना प्रत्येक माणसात अपघात बघायला लागले. दुचाकीवरचं हसरं जोडपं दिसलं तरी माझ्या मनात पहिलं काय यायचं, तर मागच्या बाईची ओढणी चाकाच्या किती जवळ आहे. मी हे तुम्हाला बोलूनही दाखवलं होतं. "अप्पा, तुम्ही मला गाडी शिकवली नाहीत, धास्ती शिकवलीत." तुम्ही म्हणालात, "धास्ती असलेला माणूस घरी येतो." पण मला ते पटलं नव्हतं, आणि अजूनही पूर्ण पटलेलं नाही. तुम्ही गेलात म्हणून मी लगेच मान डोलवीन असं समजू नका.

मग माझ्या ऑफिसातल्या पोरांनी ते ट्रॅकचं काढलं. नोएडाकडचा, यमुना एक्सप्रेसवेच्या कडेचा तो मोठा शर्यतीचा ट्रॅक, जिथं एकेकाळी जगातल्या सगळ्यात वेगवान गाड्या शर्यतीला आल्या होत्या. अधूनमधून तिथं साध्या माणसांना आपापल्या गाड्या घेऊन फिरू देतात, हे मला तेव्हा कळलं. मी नाव दिलं. का दिलं ते नीट सांगता येत नाही. बहुतेक एकदा तरी तो तुमचा प्रश्न कानात न वाजता गाडी चालवायची होती.

गाडी तुमची, म्हणून विचारायला तुमच्याकडे आले. मला वाटलं, आता लांबलचक "हं" ऐकायला मिळणार. तुम्ही चष्मा पुसलात आणि म्हणालात, "आपली डिझेल गाडी दहा वर्षांच्या वर गेली. तिकडं अशा जुन्या गाड्यांना बंदी आहे." मी उठायला लागले. तर म्हणता काय, "भाड्यानं घेऊ." मला वाटलं मी काहीतरी चुकीचं ऐकलं. निखिलही ताटावरून बघत राहिला. "अप्पा, मतलब, तुम्ही पण जाणार?" तुम्ही म्हणालात, भाड्याची गाडी आहे, सोबत कोणीतरी जबाबदार माणूस पाहिजे. आणि आईंना सांगायचं ठरलं की माझं नोएडाला ऑफिसचं काम आहे. ऑफिसची माणसं तर होतीच, त्यामुळे ते अगदीच खोटं नव्हतं. निखिलला तुम्ही डोळ्यांनीच गप्प केलंत. तो बिचारा समजला की तुम्ही माझ्यावर लक्ष ठेवायला निघालात.

गाडी घेतली गोपालपुरा बायपासवर. लहानशी पांढरी गाडी, आत अत्तरासारखा गोड वास, आणि काळ्या पाटीवर पिवळे आकडे. त्या पाटीवरून भाड्याची गाडी लांबूनच ओळखू येते आणि शहाणी माणसं अंतर ठेवतात. तुम्ही सवयीनं तिच्याभोवती फिरलात, प्रत्येक ओरखड्यावर बोट ठेवून फोटो काढलात. मग करार वाचायला घेतलात. उभ्यानं. सगळा. गाडीवाल्यानं आधी खुर्ची दिली, मग चहा दिला, मग म्हणाला, "अंकलजी, आजतक किसीने पूरा नहीं पढ़ा." तुम्ही शेवटचं पान वाचून सही केलीत, चष्मा मिटलात आणि मला म्हणालात, चल.

भरतपूरच्या अलीकडे ढाब्यावर चहाला थांबलो. थंडी होती, तुम्ही मफलर काढला नव्हता. बशीतल्या चहावर फुंकर घालत, हवापाण्याच्या गप्पा माराव्या तसं तुम्ही म्हणालात, "ही गाडी ट्रॅकवर नेता येत नाही. करारात स्पष्ट लिहिलंय. विमाही तिथं लागू नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. एवढा रस्ता आल्यावर? "मग जयपुरातच का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू आली नसती."

मला समजायला वेळ लागला. तुम्ही माझ्याकडे बघत नव्हता, समोर उभ्या असलेल्या गाडीकडे बघत होता. "आयुष्यभर मी गाड्या धडकून झाल्यावरच पाह्यल्या, पोरी. पत्रा चेपलेला, काच पसरलेली, माणूस नाही. त्याच्या आधी त्या गाडीत काय होत असंल, ते नाही पाह्यलं कधी. रिटायर झालो तरी डोक्यातून जात नाही ते. एकदा पाहू दे मला. काही झालं तर गाडीवाल्यासमोर मी उभा राहीन, तू नाही."

मग किल्ली टेबलावर माझ्यासमोर ठेवलीत. परत फिरू म्हटलं असतं तर तुम्ही काही न बोलता फिरला असता, हे मला माहीत होतं. मी किल्ली उचलली.

ट्रॅकवर पोचलो तेव्हा ऑफिसातली पोरं आधीच आली होती. तिथंही एक कागद सहीला होता, काही झालं तर आमची जबाबदारी नाही वगैरे. तुम्ही तोही पूर्ण वाचलात. मागे रांग लागली, माझे सहकारी माझ्याकडे बघायला लागले, मी आकाशाकडे बघायला लागले. मग त्यांनी हेल्मेट दिली आणि आत घालायची ती कापडी टोपी. ती घातल्यावर तुम्ही गालगुंड झालेल्या पोरासारखे दिसत होता. मी हसले. तुम्हाला हसू आलं नाही. तुमचं सगळं लक्ष त्या रस्त्याकडे होतं.

पहिली फेरी माझी. तुम्ही शेजारी बसलात. अप्पा, तो रस्ता आठवतो? एवढा रुंद, आणि एकही खड्डा नाही, गाय नाही, उलटं येणारं कुणी नाही. दोन्ही बाजूंना रिकाम्या खुर्च्यांचे डोंगर. सगळे एकाच दिशेनं चाललेले. तुम्ही थोडा वेळ बघत राहिलात आणि स्वतःलाच विचारल्यासारखं म्हणालात, "इथून क्लेम कसा येईल?" मग मान हलवलीत. "कुठूनच नाही बाप्पा. आपणच केला तरच."

आणि मी काय केलं? प्रत्येक वळणाला इंडिकेटर दिला. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. आरशात बघत, वेग ऐंशीच्या वर गेल्याचा बीप वाजला की पाय काढत, एका चढाच्या वळणावर तर हॉर्नही दिला. पुढचं दिसत नव्हतं, मग देणार नाही तर काय? परत आलो तेव्हा पोरं पोट धरून हसत होती. एक जण म्हणाला, "मॅम, आप साइड किसको दे रही थीं?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हेल्मेट काढून तुमच्याकडे वळले, आता दोन शब्द सुनवायचेच म्हणून. तर तुम्ही माझा दरवाजा उघडून उभे होता. म्हणालात, "उतर. आता मी."

मी तिकडच्या बाजूला जाऊन बसले आणि पट्टा दोनदा ओढून पाहिला. साठच्या वर तुम्ही कधी गेल्याचं मी पाहिलं नव्हतं. दुधाची पिशवी आणायला जाताना सुद्धा तुम्ही पट्टा लावायचात.

पहिली दोन वळणं तुम्ही सीकर रोडसारखीच घेतलीत. मग उतार आला, मग तो लांबच लांब सरळ रस्ता. तुम्ही एकदा माझ्याकडे बघितलंत आणि पाय दाबलात. ऐंशीचा बीप झाला. शंभर. एकशे वीसला तो बीप सलग वाजायला लागला, थांबेचना. इंजिन ओरडत होतं, ती बिचारी भाड्याची गाडी थरथरत होती. माझ्या तोंडापर्यंत "अप्पा, हळू" आलं होतं. मी ते गिळलं. तुमच्या हाताखाली इतकी वर्षं शिकले, पण गप्प बसणं मी त्या दिवशी शिकले. काटा एकशे तीसवर गेला, आणि मी तुमच्या चेहऱ्याकडे बघितलं. अप्पा, तुम्ही रडत होता की काय असं मला क्षणभर वाटलं. नव्हता. तुम्ही हसत होता.

तुम्ही कसे हसायचात ते घरात सगळ्यांना माहीत आहे. नाकातून, आवाज न करता, खांदे थोडे हलवून. हे तसं नव्हतं. मोठ्यानं, तोंड उघडून, स्टिअरिंगवर तळहात आपटत. हॉर्न वाजला. पुढचं वळण तुम्हाला अर्थातच सापडलं नाही. गाडी रस्ता सोडून बाजूच्या रंगीत पट्ट्यांच्या मोकळ्या जागेत गेली आणि गोल फिरून थांबली. लांबून एक माणूस झेंडा हलवत होता. तुम्ही काच खाली करून त्याला "सॉरी भाईसाहब" म्हणालात, आणि पुन्हा हसायला लागलात. मग मीही हसले. आपण दोघं त्या परक्या गाडीत बसून, काही कारण नसताना, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. सासरा आणि सून. माझ्या आईला हे सांगितलं असतं तर तिला आणखी एक दिवाळी लागली असती.

परतीच्या वाटेवर तुम्ही गंभीर झालात. मथुरेला आईंसाठी पेढे घेतले, ते मांडीवर धरून बसला होता. म्हणालात, "झालं ते चूकच. आज काही झालं असतं आणि हा क्लेम माझ्या टेबलावर आला असता, तर मी नामंजूर केला असता."

"मग केलंत कशाला?"

"नामंजूर केला असता म्हणतोय. केलं नसतं असं कुठं म्हटलं?"

मी अजून या उत्तरावर अडकलेय. तुम्ही आयुष्यभर लोकांना याच कारणावरून नाही म्हणालात, आणि माणसं तसं का करतात ते तुम्हाला मनातून कळत होतं. मला विचारायचं होतं की त्या माणसांचा विचार त्या दिवशी तुमच्या मनात आला का. ज्यांच्या गाड्या चेपल्या, पण ज्यांचं आधीचं हसणं तुमच्या रिपोर्टात कधी आलं नाही, त्यांचा. पुढच्या वेळी विचारू, म्हणून ठेवलं. आपण दोघंही भांडणं राखून ठेवणारी माणसं.

घराजवळ आल्यावर तुम्ही म्हणालात, "हिला सांगू नको बरं. वेळ पाहून मी सांगीन." मी विचारलं, का? बायकोला सांगायला वेळ कशाला बघायला लागते? तुम्ही म्हणालात, "तिच्यासोबत कधी पन्नासच्या वर नेली नाही मी गाडी. आता काय सांगू, कुठून सुरू करू?" तेव्हा मला तुमची गंमत वाटली होती. आता नाही वाटत.

त्यानंतर वर्षही मिळालं नाही. आधी भूक गेली, मग डोळे पिवळे झाले, मग दवाखाना. तुम्हाला तिथं नेता-आणताना गाडी मीच चालवायचे, आणि तुम्ही मागच्या सीटवर आडवे असूनही मध्येच विचारायचात, कुठं आलो? मी सांगायचे. आई पुढे बसून जप करायच्या. त्या दिवसांत मी तुमचा शब्द न् शब्द पाळून गाडी चालवली. तुम्हाला एक हिसका बसू नये म्हणून. तुम्ही शिकवलेली धास्ती मला तेव्हा उपयोगी पडली, हेही इथंच सांगते. भांडणात दोन्ही बाजू मांडायच्या असतात ना.

शेवटच्या आठवड्यात एकदा आई औषधं आणायला खाली गेल्या तेव्हा मी तुम्हाला हळूच विचारलं होतं, "आईंना सांगितलंत का?" तुम्ही समजलात. ओठ हलले. "घरी गेल्यावर." आणि तुम्ही घरी आलात ते असे की काही सांगता येईना.

म्हणजे सांगायचं होतं तुम्हाला. मी सगळं उलटसुलट करून पाहिलं अप्पा, आणि माझा निकाल असा लागला की तुम्ही मला न सांगण्याचा शब्द मागितला होता तो तुम्ही स्वतः सांगेपर्यंतचा होता. आता तुम्ही सांगणार नाही. तुमच्या टेबलावर हे आलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता, माहीत नाही. लांबलचक "हं" म्हणाला असता बहुतेक.

इथवर तुमच्याशी काल रात्री बोलले, आणि आज दुपारी मी सांगितलं.

आई गच्चीवर उन्हात बसून तुमच्या स्वेटरांच्या घड्या घालत होत्या. कुणाकुणाला द्यायचे ते ठरवत होत्या. मी शेजारी बसले आणि सुरुवात केली. भाड्याची गाडी, ढाब्यावरचा चहा, तुम्ही काय म्हणालात ते, शब्द न बदलता. त्या एकाच स्वेटरची घडी घालत होत्या आणि मोडत होत्या. माझ्याकडे बघत नव्हत्या. मी त्या लांब सरळ रस्त्यापर्यंत आले तेव्हा त्यांनी हात थांबवले.

"मला नाही सांगितलं," त्या म्हणाल्या.

वाटलं, झालं, जे व्हायला नको होतं तेच झालं. म्हटलं, "सांगणार होते आई. घरी आल्यावर सांगणार होते."

खाली गल्लीत भाजीवाला ओरडून गेला. मग त्यांनी विचारलं, "किती जोरात नेली?"

"एकशे तीस."

"एवढीच?" आई म्हणाल्या. मग जरा थांबून, "घाबरले होते?"

"नाही. हसत होते."

"ते काय हसणं, नाकातल्या नाकात."

"नाही आई. मोठ्यानं. हात आपटून. हॉर्न वाजला."

आईंनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतायत, आणि रडतच होत्या, पण खांदे वेगळेच हलत होते. तुम्ही गेल्यापासून या घरात कुणी हसलं नव्हतं. त्यांनी डोळे पुसले, स्वेटर मांडीवर नीट पसरला आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "पुन्हा सांग. पहिल्यापासून सांग."

मी पुन्हा सांगितलं. अप्पा, तुमचा शब्द तर मोडलाच होता, मग हात आखडता कशाला घ्यायचा? या वेळी मी तुमचा काटा एकशे साठवर नेला. आईंनी मान डोलावली. त्यांना ते बरोबर वाटलं.